सनद : देणाऱ्यालाही बांधणारा कागद

प्रस्तावना

कायद्याची पदवी हाती आली म्हणून कोणी वकील होत नाही. पदवी विद्यापीठ देते. दुसऱ्याच्या वतीने कोर्टात उभे राहण्याचा हक्क सनद देते. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नाव नोंदले गेले की मुलगा किंवा मुलगी घरी फोन करून सांगते, ‘सनद मिळाली.’ पुढे आयुष्यभर त्या तारखेवरून त्यांची ज्येष्ठता मोजली जाते. गैरवर्तन सिद्ध झाले तर निलंबित होते ती सनद, आणि प्रकरण फारच गंभीर असेल तर रद्द होते तीही सनदच. शिकलेले सगळे डोक्यात शाबूत असते, पण बोलण्याचा अधिकार गेलेला असतो.

हाच शब्द तहसील कचेरीत वेगळ्या कामाला लागतो. शेतजमीन बिनशेती करून घेतली की सनद मिळते. गोव्यात जमिनीच्या जाहिरातीत ‘सनद झालेला प्लॉट’ असे लिहिलेले असते आणि घेणाऱ्याला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी झाली, त्यानंतर घरमालकांच्या हाती मिळकत पत्रिकेबरोबर सनद पडते. भारतीय प्रशासकीय सेवेतल्या माणसाला आपण सनदी अधिकारी म्हणतो, चार्टर्ड अकाउंटंटला सनदी लेखापाल. बेळगाव, धारवाड, कोल्हापूर या पट्ट्यात गावच्या बंदोबस्ताची चाकरी करून त्याबदल्यात जमीन कसणारा शेतसनदी असे. सरकारी कार्यालयाच्या दारात ‘नागरिकांची सनद’ टांगलेली असते, आणि त्याच दारासमोर बसलेले उपोषणकर्ते निवेदनात लिहितात की आम्ही सनदशीर मार्गाने लढत आहोत.

एवढ्या वेगवेगळ्या माणसांनी एकच शब्द इतका जवळचा मानावा, यामागे काही कारण असले पाहिजे. हे पुस्तक त्या कारणाच्या शोधात लिहिले आहे. सनद म्हणजे परवानगी, असा आपला सर्वसाधारण समज असतो: वरच्याने दिली, खालच्याने घेतली. जुने कागद वाचत गेल्यावर मला ती समजूत अपुरी वाटू लागली. सनद देणाऱ्याला ती जितकी मोठेपणा देते तितकीच बांधूनही ठेवते. आणि घेणाऱ्याला बळ मिळते ते ह्या बांधिलकीमुळे. पुस्तकातली सगळी प्रकरणे या एका विधानाभोवती उभी आहेत.

शब्द अरबी आहे. मूळ अर्थ टेकू, ज्यावर भार टाकून उभे राहता येते तो आधार. इस्लामी विद्येत प्रेषितांचे एखादे वचन सांगायचे तर ते कोणी कोणाकडून ऐकले, त्याने कोणाकडून, अशी नावांची साखळी आधी सांगावी लागते. त्या साखळीला सनद म्हणतात आणि प्रत्यक्ष वचनाला मत्न. साखळीतला एक दुवा संशयास्पद निघाला की वचनाचे वजन घटते. म्हणजे कागदाशी संबंध येण्याआधीही या शब्दात एक प्रश्न दडलेला होता: तू हे कोणाच्या आधारावर बोलतोस? फारसी कारभारातून हा शब्द दख्खनेत आला तेव्हा तो प्रश्न सोबत घेऊनच आला. मोगली व्यवस्थेत बादशहाचे ते फर्मान, शहजाद्याचे निशान, आणि दिवाण किंवा वजिराच्या शिक्क्याने निघणारी ती सनद, असा साधारण भेद होता. मराठी दप्तरांनी हे बारकावे पूर्ण पाळले नाहीत. इनाम, वतन, सरंजाम, नेमणूक, कसलाही कायम स्वरूपाचा हक्क देणारा कागद म्हणजे सनद, असा ऐसपैस अर्थ इथे रूढ झाला. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले, तरी सनद हा शब्द लोकांच्या तोंडून गेला नाही. ज्याच्यावर घर आणि शेत टिकून आहे तो शब्द लोक सहसा सोडत नाहीत.

वस्तू मात्र शब्दापेक्षा खूप जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचे दोन आदेश कोरलेले आहेत. पहिल्या आदेशात राजा आपल्या राजवटीच्या अठराव्या वर्षी गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालिताला कळवतो की पश्चिम काखडी गावातले, पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले दोनशे निवर्तनांचे शेत भिक्षूंना दिले आहे. त्या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, कोणी मिठासाठी खणू नये, असे संरक्षणही लिहून दिले आहे. दुसरा आदेश चोविसाव्या वर्षाचा, गोवर्धनचा अमात्य श्यामक याच्या नावे, आणि त्यात राजाबरोबर राजमातेचेही नाव आहे. आधी दिलेले शेत कसले जात नाही, गावात वस्तीच उरली नाही, म्हणून आता नगराच्या सीमेवरचे, राजाच्या मालकीचे शंभर निवर्तनांचे शेत त्याऐवजी द्यावे, असे त्यात म्हटले आहे. हा दुसरा लेख मला फार मोलाचा वाटतो. दान दिले, लेख कोरला, कीर्ती झाली, एवढ्यावर राजा सुटू शकला असता. पण शेत पडीक निघाले तेव्हा जबाबदारी त्याच्याकडे परत आली, कारण शब्द दगडावर होता आणि भिक्षू तो दाखवू शकत होते.

त्यानंतर ताम्रपट आले, शिलालेख आले, कोकणात आणि गोव्यात गधेगाळीचे दगड आले. वर चंद्रसूर्य कोरायचे, म्हणजे ते आहेत तोवर हे दान चालावे. आणि खाली दान मोडणाऱ्याला द्यायची ती अभद्र शिवी चित्ररूपाने कोरायची. अक्षरओळख नसलेल्यालाही ती कळावी, हा हेतू. मराठेशाहीच्या सनदांमध्ये शिवीची जागा शपथेने घेतली: हिंदू असून हे मोडील त्याला गाईची आण, मुसलमान असून मोडील त्याला सुवराची आण. या शपथा वाचून आज कोणी अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारील. मला त्यांत एक कळकळ दिसते. देणारा मरणार आहे, त्याचे राज्यही जाईल, पुढे कोण येईल ठाऊक नाही. त्या न जन्मलेल्या राज्यकर्त्यालाही या कागदाने बांधायचे आहे. कायदा तिथवर पोहोचत नाही, म्हणून धर्माला साक्षीला बोलावले आहे.

पेशवाईतली इनामाची सनद एकदा नीट वाचली की पुढच्या शंभर सहज वाचता येतात, कारण तिचा साचा पक्का आहे. कोणाला, कोणत्या गावी, किती जमीन, जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह, आधीचे हक्कदार व इनामदार वगळून, पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने. शेवटी लेखनसीमा किंवा मोर्तब, म्हणजे इथे मजकूर संपला, याखाली कोणी काही घुसडू नये. पण माझे लक्ष दरवेळी थांबते ते शेवटच्या दोन सूचनांवर. पहिली: प्रतिवर्षी नूतन पत्राचा आक्षेप न करणे. दुसरी: या पत्राची प्रत लेहून घेऊन मुख्य पत्र भोगवटियास परतोन देणे. त्या सूचना इनामदारासाठी नाहीत. त्या गावच्या मोकदमाला, परगण्याच्या देशमुख-देशपांड्याला, मामलेदाराला आहेत. दरसाल नवा कागद आण म्हणून या माणसाला हेलपाटे घालायला लावू नका. आणि अस्सल कागद तुमच्या दप्तरात अडकवून ठेवू नका. नक्कल करून घ्या, मूळ त्याला परत द्या, कारण त्याचा भोगवटा त्यावर चालायचा आहे. 

कारकुनाच्या टेबलापाशी काय घडते हे ही वाक्ये रचणाऱ्याला नेमके माहीत होते. अस्सल कागद एकदा ‘साहेबांकडे’ गेला की परत येत नाही, हा अनुभव आपल्यालाही आहे. राजाची मर्जी मिळाली तरी गावातल्या अंमलदाराची मिळेलच असे नसते, म्हणून सनदेने राज्याच्या स्वतःच्या माणसांना आधी बांधले. भोगवटा हा शब्दही टिकून राहिला. आजच्या सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 1’ आणि ‘वर्ग 2’ असे लिहिलेले असते ते याच घराण्यातले.

आता या विषयातल्या सर्वांत चमत्कारिक गोष्टीकडे येतो. ज्याच्या हाती तलवार आहे त्याला दुबळ्याच्या सहीची गरज का पडावी?

1719 साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतले ते चौथाई, सरदेशमुखी आणि स्वराज्य यांच्या सनदा घेऊन. दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई म्हणजे औरंगाबाद, बऱ्हाड, खानदेश, बीदर, विजापूर आणि हैदराबाद या साऱ्या मुलखाच्या उत्पन्नातला चौथा हिस्सा. सनदा निघाल्या तेव्हा दिल्लीत काय चालले होते? फर्रुखसियरला सय्यद बंधूंनी पदच्युत केले होते, त्यात मराठी फौजेची हजेरी होती, आणि तख्तावर बसवलेला रफीउद्दरजात हा आजारी तरुण त्याच वर्षीच्या जूनमध्ये मरण पावला. अशा बादशहाच्या शिक्क्यात जोर कसला? चौथाई तर मराठे त्याआधीही घोड्यांच्या बळावर वसूल करत होते. तरीही मोगली कैदेतून झालेल्या येसूबाईंच्या सुटकेइतकेच या कागदांचे स्वागत साताऱ्यात झाले. कारण कागदाआधी जी लूट म्हणवली जात होती ती कागदानंतर वसुली झाली. सुभ्यातल्या जमीनदाराला पैसे देताना आपण बंडखोराला देतो आहोत की हक्कदाराला, हे सांगता येऊ लागले. बदल्यात मराठ्यांनी चौथाईपोटी बादशहाच्या सेवेसाठी 15,000 स्वार ठेवण्याचे आणि सरदेशमुखीपोटी मुलखात चोरी-दरोड्यांचा बंदोबस्त करण्याचे कबूल केले. सनद एकेरी नव्हती.

1765 साली तेच दृश्य पूर्वेकडे घडले. बक्सरच्या लढाईनंतर शाह आलम बादशहा अलाहाबादेत ईस्ट इंडिया कंपनीच्या आश्रयाला होता. त्याच्याकडून क्लाइव्हने बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी लिहून घेतली. बंगाल प्रत्यक्षात कंपनीच्या मुठीत होताच. पण बिनकागदाचा ताबा म्हणजे व्यापाऱ्यांनी केलेली बळजबरी, आणि कागदासह ताबा म्हणजे बादशाही दिवाणाचा कारभार, हा फरक क्लाइव्हला कळत होता. बादशहाला दरसाल 26 लाख रुपये देण्याची अट होती. पुढे 1772 मध्ये महादजी शिंद्यांनी शाह आलमला दिल्लीला नेऊन बसवले, आणि कंपनीने त्याचे निमित्त करून हे पैसे थांबवले. दिवाणी मात्र सोडली नाही. सनदेचे अर्धे पाळायचे आणि अर्धे विसरायचे, ही रीत या देशात कंपनीने फार मोठ्या प्रमाणावर चालवली, आणि पुढच्या अनेक कटू प्रकरणांची बीजे मला त्या वागण्यात दिसतात.

तिसरा प्रसंग पुण्याचा. महादजींनी बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-ए-मुतलक हे पद मिळवले होते. 1792 मध्ये ते पुण्याला आले आणि सवाई माधवरावांना ती बादशाही वस्त्रे व फर्माने समारंभपूर्वक देण्याचे ठरले. नाना फडणविसांनी हरकत घेतली. पेशवा हा साताऱ्याच्या छत्रपतींचा सेवक. त्याची वस्त्रे साताऱ्याहून येतात. त्याने दिल्लीच्या बादशहाची वस्त्रे स्वीकारायची तर धन्याची परवानगी नको का? छत्रपती त्या काळी साताऱ्यात जवळपास बंदिवासात, बादशहा दिल्लीत अंध आणि परस्वाधीन. दोघांच्याही हाती सत्ता नव्हती. तरी साताऱ्याची परवानगी आणवली गेली आणि मगच समारंभ झाला. महादजी आणि नाना यांच्या चढाओढीत हा एक डाव होता असे इतिहासकार सांगतात, ते खरेच आहे. पण डाव खेळायला हीच सोंगटी का सापडली, हेही पाहिले पाहिजे. अधिकाराची साखळी तुटू नये, ‘कोणाच्या आधारावर?’ या प्रश्नाला उत्तर असावे, ही गरज त्या मुत्सद्द्यांना खरी वाटत होती. सनदेचे बळ तिच्यावर शिक्का मारणाऱ्या हातापेक्षा तो शिक्का मानणाऱ्या असंख्य लोकांत असते. आणि लोक मानत होते.

मग इंग्रज आले आणि कागदाची परीक्षा सुरू झाली. 1852 च्या अकराव्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशनला अधिकार दिले. गावोगावच्या इनामदारांना विचारणा झाली: तुमची जमीन सरकारी साऱ्यातून सुटली ती कशाच्या जोरावर? सनद दाखवा. ज्याने दिली त्याला देण्याचा अधिकार होता का ते दाखवा. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचे कागद कोणाकडे वाळवीने खाल्लेले, कोणाचे लढायांच्या धामधुमीत गेलेले, कोणाचे भाऊबंदकीत दुसऱ्या घरी अडकलेले. जुन्या व्यवस्थेत कागद हरवला तर उपाय होता. गोतसभा बसे, शेजारच्या गावांचे पाटील-कुलकर्णी, बलुतेदार साक्ष देत, महजर लिहिला जाई, आणि लोकांच्या स्मरणातून हक्क पुन्हा कागदावर येई. नव्या व्यवस्थेचा कल कागदाकडे होता, माणसांच्या आठवणीकडे नव्हता. पुष्कळ इनामे गेली. दक्षिण महाराष्ट्रात त्याचा संताप धुमसत राहिला. 1858 मध्ये नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांनी पोलिटिकल एजंट चार्ल्स मॅन्सन याला मारले. बाबासाहेबांना दत्तक नाकारला गेला होता, आणि मॅन्सन पूर्वी इनाम कमिशनच्या कामावर होता, ही गोष्ट त्या भागात कोणी विसरले नव्हते.

उठाव शमल्यावर सरकारला उमगले की ज्यांना कागद दाखवा म्हटले त्यांना आता कागद द्यावा लागेल. लॉर्ड कॅनिंगने 1862 मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. सातारा, नागपूर, झाशी ज्या कारणाने खालसा झाली ते कारणच बाद झाले; त्या तीन घराण्यांना मात्र त्याचा उपयोग नव्हता. 1863 च्या दोन कायद्यांनी इनामदारांशी ठोक तडजोड झाली आणि ठराविक रक्कम भरणाऱ्यांना नव्या सनदा मिळाल्या. आज अनेक घरांत जपलेली ‘पेशव्यांची सनद’ नीट वाचली तर ती या इंग्रजी तडजोडीची निघते. तिचे मोल त्यामुळे कमी होत नाही. त्या कागदामागे आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी कमिशनपुढे घातलेले हेलपाटे आहेत. या चौकशीसाठी जमवलेले पेशवे दप्तर पुण्यात एकत्र राहिले, म्हणून रियासतकार सरदेसायांना त्यातून 45 खंड निवडून काढता आले. गणेश चिमणाजी वाड यांच्या निवडीतून मावजी आणि पारसनीस यांनी ‘सनदापत्रांतील माहिती’ छापली तीही याच दप्तराच्या आधारावर. ज्या कमिशनने हक्क काढून घेतले त्याच्या दप्तरावर आपला इतिहास उभा आहे, हे मला अजूनही अस्वस्थ करते.

सनदेची दुसरी बाजू महार वतनाच्या प्रकरणात आहे, आणि तिच्यासाठी मी पुस्तकात सर्वांत जास्त जागा दिली आहे. महार समाजाच्या परंपरेत बेदरच्या बादशहाने दिलेल्या बावन्न हक्कांच्या सनदेची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. कथा म्हणूनच ती घ्यावी. पण समाजाने ती इतक्या निष्ठेने सांभाळावी, याचा अर्थ मोठा आहे. गावाच्या वेशीबाहेर ठेवलेल्या, हाती काही न ठेवलेल्या माणसांनी सांगितले की आमचे हक्क कोणाच्या दयेवर नाहीत, आमच्याकडे सनद आहे. दुसऱ्या बाजूने तेच वतन गळ्यातला फास होते. थोडी वतनी जमीन आणि बलुत्याच्या चार पेंढ्या यांच्या मोबदल्यात सरकारचे आणि गावाचे रात्रंदिवस पडेल ते काम करायचे. एक जण कामावर नसेल तर घरातल्या दुसऱ्याला धरून न्यायचे. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच गुलामीविरुद्ध. वतनाचा मोह सोडा, हे आपल्याच लोकांना सांगणे किती कठीण होते याचा विचार करावा. शेकडो वर्षे ज्याला आधार मानले तो आधार आपल्याला बांधून ठेवणारा दोर आहे, हे त्यांनी लोकांना पटवले. कनिष्ठ गाव वतने कायद्याने संपली ती 1958 मध्ये.

त्याच डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यात दुसरी एक सनद आहे. बॅरिस्टर होऊन परतल्यावर 1923 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू करायची तर सनद काढायला हाती पैसे नव्हते. मित्र नवल भथेना यांनी ते दिले. जगातल्या दोन नामांकित विद्यापीठांत शिकलेल्या माणसाचा कोर्टात पाऊल टाकण्याचा हक्क काहीशे रुपयांपाशी अडला होता. त्याआधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी ही अडचण ओळखून अस्पृश्य समाजातल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या होत्या. त्यावर टीका झाली, पात्रतेचे प्रश्न उभे केले गेले. महाराजांना कळले होते ते एवढेच की ज्या समाजाचा एकही माणूस कोर्टात बोलू शकत नाही त्याला न्याय मागायला नेहमी दुसऱ्याचे तोंड उसने घ्यावे लागते.

बायकांच्या बाबतीत तर पैसा असूनही दार बंद होते. नाशिकमध्ये जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1892 मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. भारतात स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा आला 1923 मध्ये. मधल्या 31 वर्षांतला बराच काळ त्या पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेसाठी कायद्याचे काम करत राहिल्या. ज्ञान होते, अशिलांचा विश्वास होता, पण सनदेसाठी वयाची साठी जवळ यावी लागली. वेगळ्या कारणाने दार बंद झाल्याचेही उदाहरण आहे: सावरकरांना ग्रेज इनने 1909 मध्ये बॅरिस्टरीची सनद नाकारली ती परीक्षेत कमी पडले म्हणून नव्हे, राजकारणामुळे. या सगळ्या प्रकरणांच्या शेजारी मी मुद्दाम 30 जुलै 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ठेवला आहे. राज्यांची बार कौन्सिले नावनोंदणीसाठी हजारो रुपये घेत होती. न्यायालयाने सांगितले की कायद्यात लिहिले आहे तेवढेच घ्या: सर्वसाधारण उमेदवारांकडून 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून 125 रुपये. भथेनांनी मित्राला मदत केली त्याला शंभर वर्षे उलटून गेल्यावर हा निकाल आला.

सनदशीर हे विशेषण मात्र या शब्दाचे सर्वांत तेजस्वी अपत्य. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1907 मध्ये अलाहाबादच्या व्याख्यानात सनदशीर चळवळीची व्याख्या केली: प्रस्थापित अधिकारसंस्थांच्या मार्फत बदल घडवून आणण्यासाठी, आपल्याला हक्क आहे अशा साधनांनी केलेली चळवळ. बंड, परकीय आक्रमणाला साहाय्य आणि गुन्हे एवढे सोडून बाकी सर्व त्यांनी तिच्यात बसवले. टिळकांनी दुखणे नेमके पकडले. ज्या देशाला राज्यकर्त्यांकडून हक्कांची सनदच मिळालेली नाही, तिथे सनदशीर काय आणि बिनसनदशीर काय? कायदा सरकार करते, सरकार बदलते. सनद म्हणजे सरकारलाही बदलता येणार नाही असा लिहून दिलेला शब्द, आणि तो तर हिंदुस्थानला कोणी दिलेला नाही. या वादात कोणाची बाजू घ्यायची हे वाचकाने ठरवावे. माझा कल टिळकांच्या प्रश्नाकडे आहे, कारण तो प्रश्न सनदेच्या गाभ्याला भिडतो. त्याचे उत्तर 1949 मध्ये मिळाले. 25 नोव्हेंबरच्या संविधान सभेतल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी सांगितले की सनदशीर मार्ग मोकळे नव्हते तेव्हा असहकार, सत्याग्रह यांना समर्थन होते. आता ते मार्ग खुले झाले आहेत, म्हणून त्या पद्धती बाजूला ठेवल्या पाहिजेत. आज उपोषणाच्या मंडपात ‘सनदशीर’ म्हणणारा माणूस नकळत या साऱ्या वादाचा वारस असतो. त्याच्यापाशी आता खरोखरच सनद आहे आणि ती त्याने स्वतःच स्वतःला दिलेली आहे.

‘नागरिकांची सनद’ हा शब्दप्रयोग 1997 च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेनंतर सर्वत्र झाला. कोणते काम किती दिवसांत होईल, कोणाकडे तक्रार करायची, हे फलकावर लिहायचे. फलक लागले, दिलेली मुदत उलटली तर काय, ते फलकावर नव्हते. देणाऱ्याला न बांधणारा कागद सनद या नावाला पात्र नाही, आणि लोकांनीही त्या फलकांकडे बघणे सोडले. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने ती उणीव काही अंशी भरून काढली: अधिसूचित सेवा मुदतीत न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो, आणि वरपर्यंत अपील करता येते. या कायद्याचा वापर करणारे लोक मला अजून फार थोडे भेटतात. पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात अर्ज आणि अपील कसे करायचे ते नमुन्यासह दिले आहे. इतिहासाच्या पुस्तकात ते कशाला, असे कोणाला वाटले तरी ते मी काढलेले नाही.

आता मजकुराविषयी थोडे. मोडीतले कागद देवनागरीत देताना मूळ लेखन तसेच ठेवले आहे. ‘लेहून’, ‘भोगवटियास’ यांना आजचे रूप दिलेले नाही. सुहूर सनाच्या तारखा अरबी शब्दांत असतात आणि वाचक तिथे अडखळतो. ‘खमस अर्बैन मया व अलफ’ म्हणजे पाच, चाळीस, शंभर आणि हजार, मिळून 1145. हे वर्ष मृगात सुरू होते. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे ही सनद 1744-45 ची. प्रत्येक कागदाखाली इसवी सन दिलाच आहे, पण ही बेरीज एकदा स्वतः करून पाहावी. कागद जवळचा होतो.

आणि एक कळकळीची विनंती. घरच्या पेटीत असा जुना कागद असेल तर तो टिकावा म्हणून लॅमिनेट करू नका. उष्णतेने आणि चिकटलेल्या प्लास्टिकने तो कायमचा खराब होतो. घड्या उलगडताना फाटत असेल तर ओढू नका. आधी आहे त्या स्थितीत दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्या, कारण पाठीमागच्या शिक्क्यांत आणि शेऱ्यांत पुष्कळदा निम्मी हकीकत असते. मग मोडी वाचणाऱ्या जाणकाराला दाखवा. पुण्यातले भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ, पुणे आणि कोल्हापूरचे अभिलेखागार, इथे अशी माणसे भेटतात. कागदाची प्रत त्यांना द्या, अस्सल तुमच्याकडेच ठेवा, आणि त्यात काय लिहिले आहे ते घरातल्या सगळ्यांना, मुलींनाही, वाचून दाखवा.